बेचाळीसला वीस दाते

बेंगळुरूत माझ्या धाकट्या दिरांहून भित्रा माणूस कोणी असेल, तर तो घराबाहेरच पडत नसावा, म्हणून आपल्याला दिसत नाही. आमचं घर चामराजपेटेत. वर आम्ही, खाली भावजी. लिफ्टचा दोर तुटेल, मेट्रो बोगद्यात अडेल, रिक्षावाला बोलायला मागे वळेल, रस्त्यावरच्या इतक्या डोक्यांतून नारळ नेमका आपलंच निवडेल, ही त्यांची बारमाही भयं. सणावारी नवी जमतात. गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाला त्यांनी दोन दोऱ्या बांधल्या आणि तरीही सगळी दिवाळी मागच्या दाराने ये-जा केली. धाकटी जाऊ एका साध्या ऑपरेशनमध्ये गेली. आदल्या संध्याकाळी डॉक्टर ‘काळजी नको’ म्हणून हसत गेले होते. तेव्हापासून काळजी नको म्हणणाऱ्या कुणावरही भावजींचा विश्वास नाही. मी त्यांना दोष देत नाही. वैताग मात्र येतो.

असा माणूस फिक्स्ड गिअरची सायकल चालवतो. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवून आरामात जायची सोय नाही. कॉलेजची पोरं ती मिरवायला घेतात, भावजींनी भीतीपोटी घेतली. “वहिनी, साध्या सायकलीत आपण पाय थांबवले तरी चाक पुढे जातं. कुणाला विचारून?” मी दम देऊन ब्रेक बसवून घेतला, तर वायर झिजेल म्हणून ते तो दाबत नाहीत.

त्यांची मुलगी महादेवपुऱ्यात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला मुलगी झाली आणि आमची पंचाईत झाली. भावजी दुसऱ्या कशात बसणार नाहीत, आणि सायकलच्या वाटेवर एक उंच फ्लायओव्हर. पुढच्या चक्राला बेचाळीस दाते आहेत. मागच्याला किती हवेत, यावर त्यांचा विचार सुरू झाला. सोळा ठेवले तर चढावर पायडल जड. मध्येच अडकलो आणि मागून बस आली तर? वीस ठेवले तर चढ हलका, पण उतारावर पाय मिक्सरसारखे फिरणार. “आणि अठरा ठेवले,” भावजी खिन्नपणे म्हणाले, “तर दोन्ही भयं मिळतात.” शिवाजीनगरच्या सायकलवाल्याकडून त्यांनी सोळाचं चक्र बसवलं, काढलं, अठराचं बसवलं, काढलं. “अण्णा, चेन बी थक गई,” तो म्हणाला, “स्वल्प रहम करो.” इकडे बाळ मान धरायला लागलं. आजोबांसाठी बारसं पुढे पुढे ढकललं जात होतं.

शेवटी मुलीचा मलाच फोन आला. “काकू, रविवारी बारसं आहे. अप्पा आले तर आले. नाही आले तर यापुढे बोलावणार नाही.” ती रडत नव्हती, म्हणून मी घाबरले. तशीच खाली गेले. “भावजी, भीती जाईल असे दाते कुठल्याच चक्राला नसतात. कुठली भीती बरोबर घेऊन जाता येईल, तेवढं सांगा.” त्यांनी चेनवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “अडकायचं नाही, वहिनी. वीस.”

रविवारी सकाळी ते पुढे आणि मागे स्कूटरवर मी. चढ त्यांनी झोकात काढला. उतार लागला आणि त्यांचे पाय दिसेनासे झाले. विजारीच्या जागी नुसता धूसर गोळा. शेजारून पाण्याचा टँकर चालला होता.

“ब्रेक! भावजी, ब्रेक दाबा!”

“वायर...”

“तुटू दे ती वायर!”

दाबला त्यांनी. खाली येऊन कडेला खांब धरून उभे राहिले, तरी गुडघे लटलटतच होते. चांगलं खडसवायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. त्यांनी माझ्यापुढे बाटली धरली. “वहिनी, घाबरलात? पाणी प्या.”

मुलीने दार उघडलं. बापाच्या गुडघ्यांकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “एवढा उशीर, अप्पा?”

“ट्रॅफिक,” भावजी म्हणाले.

ते अजून तिथेच आहेत. परतताना वारा समोरून असतो, त्याला किती दाते लागतील याचा विचार चालू आहे म्हणे. लेक म्हणते, “राहू दे काकू, बाळ जरा खोकलं तरी पहिले हेच उठतात.” राहोत. इथे खालचा मजला बंद असतो. आमच्या घरात घाबरायचं काम इतकी वर्षं ते एकटे करत होते. आता ते कुणीतरी करायला हवं, आणि यजमानांना असली कामं जमत नाहीत. रस्त्यावरून अँब्युलन्सचा आवाज गेला की मी भाजी चिरायची थांबवून फोन लावते. बाळ काय करतंय, म्हणून विचारते. बाळ झोपलेलं असतं. ते मला ठाऊक असतं. भावजी हळू आवाजात नातीच्या खोकल्याचं सविस्तर सांगत राहतात, आणि मी ऐकत राहते.