उन्हाची बेगमी

अक्षर खराब आहे, वेलांट्या चुकतात, माफ करा. चौथीनंतर हातात पाटी आलीच नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी कडोदऱ्याच्या आमच्या कारखान्यात पाहुणे आले होते. शेठने छपरावर सोलर बसवलं, ते बघायला. एक सरकारी साहेबही होते. आम्ही बायका हॉलमध्ये मशीनवर साड्यांना खडे चिकटवत होतो. साहेब म्हणाले, देश आता सूर्यावर चालणार. तेवढ्यात ढग आला. मशीनं बंद. पंखे बंद.

एका पाहुण्याने विचारलं, "बैटरी नहीं लगाई, शेठ?"

शेठने हातातल्या पेनाने माझ्या डोक्यावर टकटक केलं. "बैटरी का खर्चा काहे को? ये बाइयाँ हैं ना. धूप गई, बैठ गईं. धूप आई, चालू. चार्जिंग भी नहीं लगती."

सगळे हसले. साहेबही. मीही हसले.

सरकारी वीज महाग पडते म्हणून शेठने ती कापड विणायच्या लूमला ठेवली होती. आमचा हॉल नुसत्या उन्हावर. ढग आला की आम्ही पत्र्याखाली घाम गाळत बसायचं. फाटकाला कुलूप, घरी जायचं नाही. आणि तो वेळ रोजातून कापायचे.

बॅटरी नव्हती असं नाही. शेठच्या केबिनला होती. एसीला, थंड पाण्याच्या कूलरला, आमच्यावरच्या कॅमेऱ्याला. आम्ही अंधारात, आणि कॅमेऱ्याचा लाल ठिपका चालू. त्याच दुपारी मी कूलरचं पाणी घ्यायला गेले. सुपरवायझर आपल्याच धुळ्याकडून इथे कामाला आलेला. गावात असता तर मला काकू म्हणाला असता. त्याने ग्लास हातातून ओढला. "ए, ते बॅटरीवरचं पाणी. स्टाफसाठी." आणि भरलेला ग्लास कुंडीत ओतला.

मी तशीच मशीनवर परत आले.

डिंडोलीला घरी आले. तोंडी लावायला ज्वारीचे बिबडे पापडासारखे भाजावे म्हणून डबा काढला. बिबडे हातात घेतले आणि तशीच बसले. हे वैशाखातलं ऊन. आई, मामी, आम्ही पोरी, पाठ भाजेपर्यंत खाटेवर वाळवण घालायचो. ऊन आजचं असतं, पोट वर्षाचं असतं. बेगमी न करणाऱ्या घराला मग दुसऱ्याच्या दारात वाडगा न्यावा लागतो.

शेठने बेगमी केली नाही. त्याचा वाडगा आमच्या दारात होता. आमचा रोज त्यात पडत होता. आणि भिकारी म्हणून आम्हालाच हसत होते.

सूर्याची वीज पाहिजेच. पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कोळशाच्या धुराने माझा भाऊ खोकून खोकून गेला. पण साहेब छपराचं कौतुक करून गेले. संध्याकाळी काय, पावसाळ्यात काय, कोणी विचारलं नाही. साठवण कोणीतरी करतंच. देशाने नाही केली तर ती गरिबाच्या अंगावर होते.

पुढचा ढग आला. आम्ही बसलो. ऊन आलं, मशीनं सुरू झाली. मी हात मांडीवरच ठेवले.

शेजारच्या मशीनवरची सिंधू कुजबुजली, "काय करी राहिनी व? लाव ना हात!"

"बॅटरी बंद आहे," मी म्हणाले.

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. मग तिनेही हात काढले. मग पलीकडचीने. लग्नसराईचा माल, बाहेर टेम्पो उभा. सुपरवायझर ओरडला, एकीचे केस ओढले. कोणी हललं नाही. शेवटी शेठ आला. "क्या चाहिए?"

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "ढगाचे पैसे. सगळ्यांचे. पहिल्या ढगापासून."

"यही है लीडर?" शेठ म्हणाला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेठ "शनिवार को" म्हणाला, तेव्हा आम्ही मशीनला हात लावले.

शनिवारी ढगाचे पैसे वाटले. सगळ्यांच्या हातात पाकीट दिलं. माझं शेठने माझ्या पायाशी टाकलं. "उठा ले. कल से मत आना."

मी वाकले नाही. बायका माझ्यामागे उभ्या होत्या, कोणी फाटकाकडे गेलं नाही. कॅमेऱ्याचा ठिपका चालू होता. त्याने बघावं म्हणून मी मान वर केली.

आता जिथे कामाला जाईन तिथे आधी विचारीन, ऊन गेल्यावर कोणाच्या पोटावर चालवणार? घाबरत विचारीन, पण विचारीन. कोणी माझ्या डोक्यावर पेन ठेवलं तर ते मोडीन.

त्या शनिवारी शेवटी सुपरवायझरच खाली वाकला. पाकीट उचलून त्याने माझ्या हातात दिलं. मी त्याच्यासमोर मोजलं. पैसे पूर्ण होते.