दुपारची घंटा

शेजारच्या काकांची पूजेची घंटा सकाळी सातला वाजायची. ती ऐकली की मी चहाचं आधण ठेवायचे. या हिवाळ्यात ती दुपारी एकला वाजू लागली. मला वाटलं, वय झालंय, उशिरा उठत असतील.

काल कपडे वाळत घालताना त्यांच्या गॅलरीत पाहिलं. उन्हात पाण्याच्या दोन बादल्या, वर ताटं झाकलेली. काकू एकीत बोट बुडवून बघत होत्या.

"गिझर बिघडला का काकू?"

"बिघडतोय कसला! बिल बघून ह्यांनीच बटणावर चिकटपट्टी लावली. एकपर्यंत पाणी छान तापतं उन्हात. तूरडाळही सकाळीच भिजत घालते, शिट्ट्या कमी लागतात."

"आणि पूजा?"

"अंघोळीशिवाय हे देवांना हात लावत नाहीत. थांबतात बिचारे देव. त्यांना कुठे ऑफिस गाठायचंय?"

त्या हसल्या, मीही हसले. महागाई म्हटलं की मला भाजीवालीशी घातलेली हुज्जत आठवते. इथे त्या महागाईने एका म्हाताऱ्या माणसाची सकाळच उचलून दुपारी नेऊन ठेवली होती.

आज दिवसभर आभाळ होतं. आज तरी ती पट्टी काढली असेल, असं मनाशी म्हणत मी कान देऊन होते. एकला घंटा वाजली. पण रोजच्यासारखी ठेक्यात नाही. नुसती किणकिणत राहिली, कापणाऱ्या हातातली.