क्रमांकाची मागची बाजू

उद्या बायकोची पहिली मॅरेथॉन. दुपारी तिने पायाची नखं कापली, बुटांच्या नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. मोजे मात्र जुने, विरलेले. पळायच्या दिवशी नवं काही घालायचं नाही, असं तिच्या ग्रुपमध्ये सगळे बजावतात. पाय ताजे राहावेत म्हणून सराव तर दोन दिवसांपूर्वीच थांबवलाय. करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती टी-शर्टवर क्रमांकाचा कागद सारखा सरळ करत बसली.

चार सेफ्टीपिना घेऊन मी शेजारी उभा होतो. तिने कागद उलटून माझ्यापुढे धरला.

"अहो, इथे तुमचा फोन नंबर लिहा. बॉलपेननेच. घामाने पुसून जायला नको."

मागे छापलं होतं, 'काही झाल्यास कोणाला कळवावे'. रक्तगट तिने आधीच भरला होता.

तिच्या बाळंतपणातही मी असाच बाहेरच्या बाकावर होतो. जवळच्या माणसाचा दम आपल्याला थोडाही वाटून घेता येत नाही. फार तर कळवायच्या जागी आपलं नाव लागतं.

मी एकेक आकडा दोनदा गिरवला. तिने पिना लावल्या आणि माझा नंबर आतल्या बाजूला गेला.

उद्या सकाळभर फोन हातात धरायचा आणि तो वाजू नये म्हणायचं, एवढीच माझी तयारी.