सुपारीचा कौल आणि विद्यापीठाचं कासव

कासवाला सीटबेल्ट लावून आम्ही पुण्याहून निघालो.

कासव म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने तयार केलेलं यंत्र. निळं, गोलसर, प्रेशर कुकरपेक्षा थोडं मोठं. झऱ्यावरून पाइपाने टाकीत येणारं पाणी त्याच्या पोटातून जातं आणि पाण्याच्याच जोराने आत जंतुनाशकाचा एकेक थेंब पडत राहतो. वीज नको, बटण नको. प्रस्तावात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. पण वेल्ह्याकडच्या एका आजींनी पहिल्याच भेटीत "आवं, हे तर देवळाम्होरलं कासव" म्हणून त्याचं बारसं उरकलं. आता आमचे सरसुद्धा बैठकीत कासवच म्हणतात.

गाडीत आम्ही तिघं. ड्रायव्हर शंकरराव, मूळचे किकवीचे. केतकी, जिची पीएचडी या कासवाच्या पाठीवर बसलेली आहे. आणि मी, विभागाची क्षेत्र समन्वयक, म्हणजे कोण काय विसरलं ते लक्षात ठेवणारी बाई. माझ्या यादीत कासव, सुटे भाग, नमुन्याच्या बाटल्या, बर्फाची पेटी, पाने-पक्कड, टॉर्च, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यावर खूण झाली होती. एकाच गोष्टीवर खूण करता येत नव्हती: दोन वाड्यांचा होकार.

भानगड अशी होती. डोंगराच्या एकाच उतारावर वरची वाडी आणि खालची वाडी. दोघींचे झरे वेगळे, देवी एकच. कासवामुळे पोटाचे आजार खरोखर कमी होतात का, हे कळायचं तर ते आधी एकाच वाडीत बसवून दुसरीशी ताडून पाहायला हवं. आरोग्य खात्याचं नेहमीचं जंतुनाशक दोन्हीकडे चालूच राहणार. दुसऱ्या वाडीला कासव एका वर्षाने. पहिला मान कोणाचा, हे सरांनी संगणकावर सोडत काढून पाकिटात बंद केलं होतं. ते पाकीट केतकीच्या पर्समध्ये होतं. दोन्ही वाड्या आपापल्या बाजूने "बघू" म्हणाल्या होत्या. यातली एक जरी मागे सरली, तर केतकीला नवी जोडी शोधून सगळं पहिल्यापासून मांडावं लागणार होतं.

"ताई, त्या नाही म्हणाल्या तर?" केतकीने कात्रज ओलांडायच्या आत विचारलं.

"तर आपण जेवून परत येऊ," मी म्हटलं. समन्वयकाने असंच बोलायचं असतं.

शिवऱ्याला चहा घेतला. भोरला थोडी वाकडी वाट करून गेलो, कारण पाइपाचा एक सांधा तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात सांगून ठेवला होता. मालक अंगात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, बोलायला हौशी. त्यांनी बाहेर येऊन गाडीच्या काचेतून कासव पाहिलं.

"गिझर का?"

"नाही, पाणी शुद्ध करायचं यंत्र."

"करंट?"

"लागत नाही."

"मेंटेनन्स?"

"जवळजवळ नाही."

ते गंभीर झाले. "मग आम्ही विकायचं काय, मॅडम?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले, की सांध्याबरोबर दोन वॉशर आम्हाला भेट मिळाले.

चेलाडीहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि माझ्यासारख्या कोरड्या बाईच्याही अंगात वारं शिरलं. पाऊस नुकता पाठ फिरवून गेलेला. खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) आंबेमोहर पिवळा पडायला लागलेला, बांधावर सोनकीची फुलं, आणि काच खाली केली की गाडीत तांदळाचा वास. वळणावळणाला तोरणा डावीकडून उजवीकडे उड्या मारत होता. कागदावर आता हा राजगड तालुका झालाय, पण रस्ता विचारला की माणसं "वेल्ह्याला ना?" असंच म्हणतात. शंकरराव गाणं गुणगुणायला लागले, केतकीने ताल धरला आणि सीटबेल्टमधलं कासव खड्ड्याखड्ड्याला मान डोलावत होतं.

वाट संपली तिथे गाडी ठेवून कासव दुरडीत (बांबूच्या टोपलीत) घातलं आणि चढलो. दोन वाड्यांच्या मधोमध देवीचं छोटं राऊळ. पत्र्याचं छप्पर, आत शेंदराने माखलेली शिळा. पुढे दोन्हीकडची माणसं बसलेली, मध्ये बरोबर एक बैलगाडी जाईल एवढं अंतर सोडून. वरच्या वाडीच्या पुढे सरूआजी, बारसं करणाऱ्या त्याच. खालच्या वाडीकडून भिकोबा, फेटा आणि मिशा दोन्ही झुपकेदार. देवळाचा पुजारी, म्हणजे गुरव, मध्ये उभा.

केतकीने छान समजावलं. मग पाकीट बाहेर काढलं.

"ह्यात काय?" सरूआजींनी विचारलं.

"कोणाकडे आधी बसवायचं त्याची सोडत. पुण्यात काढलीय, आजी. कोणालाच माहीत नाही आत काय आहे."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मग काढताना कुणी बघितलं?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी कासवाकडे पाहिलं.

"पुन्याच्या बंद खोलीत काढलेली सोडत," भिकोबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तिला आमी कशाला मानायचं? हितं आई बसलीय. कौल लावा."

पहिल्यांदाच दोन्ही वाड्यांच्या माना एकदम हलल्या. कौलाची रीत मला माहीत होती. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेका पक्षाच्या नावाने ओली पाकळी चिकटवायची. जी आधी पडेल तो देवीचा निर्णय. गुरव लगेच फुलं आणायला वळला, तेवढ्यात सरूआजी कडाडल्या.

"थांब रं! तू खालच्या वाडीचा. आमच्या अंगाला पाणी जास्त लावतूस, पाकळी चिकटूनच बसती!"

"आजे, आईच्या म्होरं लबाडी करीन व्हय म्या?"

"आईम्होरं न्हाई, आमच्या म्होरं करशील!"

हशा पिकला. गुरवही हसला, पण त्याने नाकारलं नाही. केतकीचे डोळे मात्र लकाकायला लागले. तिने माझा दंड धरला. "ताई, ऐकलंत? कोणाला आधी कळू नये, कोणाच्या हाती काही राहू नये, हेच तर आम्हाला वर्गात शिकवतात! मला सरांना फोन करायचाय. आत्ता."

रेंज राऊळामागच्या एका उंच दगडावरच मिळते. त्याचं नावच रेंजचा दगड. केतकी चढली, मी खालून ओढणी धरून उभी, कारण वारा होता. तिचं अर्धंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही सर, पाकळी नाही... हो, पाण्यावर अवलंबून... सगळ्यांसमोर... हो, आंधळेपणाने... पाकीट रद्द?" मग ती एकदम ओरडली, "चालेल म्हणतात!" आणि दगडावरून घसरून थेट माझ्या अंगावर आली. दोघी गवतात. माझा चष्मा सोनकीच्या फुलांत. वर दोन्ही वाड्या उभ्या राहून बघत होत्या.

"फोन लागला वाटतं," भिकोबा म्हणाले.

सरांची अट एकच होती: काढणाऱ्याला दिसता कामा नये, हाताला कळता कामा नये आणि निकाल सर्वांनी पाहिला पाहिजे. मग वाड्यांनीच मार्ग ठरवला. दोन सारख्या सुपाऱ्या. एकीला हळद, दुसरीला कुंकू. सारख्याच फडक्यांत गुंडाळून तांब्यात टाकायच्या. सरूआजींनी सुपाऱ्या तळहातावर घोळवून पारखल्या, भिकोबांनी परत पारखल्या. काढायचं कोणी? वरच्या वाडीचा नको, खालचा नको. विद्यापीठाचाही नको, असं सरूआजी म्हणाल्या आणि ते बरोबरच होतं.

"ह्यो डायवर कुठला?"

"किकवीचा," शंकरराव दचकून म्हणाले.

"मंजी कुणाचाच न्हाई. ये पुढं."

आधी आजींच्या हुकमावरून केतकीने पुण्याचं पाकीट न उघडता देवीपुढे फाडलं. मग शंकररावांनी पायांतल्या चपला काढल्या, टोपी नव्हती म्हणून रुमाल डोक्यावर टाकला. घाटात ट्रकला बिनधास्त ओव्हरटेक करणाऱ्या या माणसाने तांब्यात घालण्याआधी हात दोनदा शर्टाला पुसला. फडकं बाहेर आलं. गाठ सुटली.

लालभडक कुंकू.

"आमचं!" वरची वाडी ओरडली.

"आमचं!" खालची वाडी ओरडली.

मग सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. कुंकू कोणाचं आणि हळद कोणाची, हे कोणीच ठरवलं नव्हतं! वरच्या वाडीला वाटलं, देवीचं कुंकू म्हणजे अर्थात आपलं. खालच्या वाडीला अगदी तेच वाटलं. आणि टॉर्चच्या जादा सेलपर्यंत सगळं लिहिणाऱ्या समन्वयकबाई, म्हणजे मी, तांब्याजवळ उभी राहून हेच विसरले होते. केतकी हसायला लागली. ते हसू रडण्याच्या इतकं जवळ होतं की मी तिला पाण्याची बाटली दिली.

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. पण सरूआजींनी पदर खोचला. "आईला नीट इचारलंच न्हाई, तर ती नीट सांगंल कशी? परत टाका."

भिकोबांनाही ते पटलं. या वेळी गुरवाने दोन्ही वाड्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं: हळद खालची, कुंकू वरचं. पोरं, म्हातारे, सगळे एका सुरात. सुपाऱ्या परत तांब्यात गेल्या. शंकररावांनी डोळे गच्च मिटले.

हळद.

खालच्या वाडीत टाळ्या सुरू झाल्या आणि लगेच थांबल्या. कारण रीत अशी की कौल ज्याच्या विरुद्ध जातो, त्यानेच नारळ फोडायचा. नारळ फुटला तर मनात काही नाही. तो तसाच राहिला तर कौल मानला नाही. नारळ सरूआजींच्या पायाशी होता. त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"वरीसभर आमी नुसतं बघायचं?" त्यांनी केतकीला विचारलं.

"बघायचं नाही, आजी. तुमचं पाणीही दर आठवड्याला तपासणार. तुमच्या झऱ्याचं किती चांगलं, किती वाईट, हे तुमच्याशिवाय कळणारच नाही. तुम्ही नसलात तर त्यांचं कासव काही सांगू शकत नाही."

"मंजी आमच्याबिगर त्यांचं अडतंय?"

"अगदीच अडतं."

आजींनी एकदा भिकोबांकडे पाहिलं. मग नारळ उचलला आणि पायरीच्या दगडावर असा आपटला की पाणी माझ्या वहीवर उडालं. केतकीने भर देवळात उडी मारली. गुरवाने घंटा बडवली. शंकरराव रुमालाने घाम पुसत म्हणाले, "मॅडम, यापेक्षा वरंध घाट बरा."

जिंकलेल्यांनी जेवण घालायचं, हीही रीतच. खालच्या वाडीत नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची उसळ, आंबेमोहर भात आणि गुळाची लापशी. केतकी तिसऱ्यांदा भात घेत असताना भिकोबा उदारपणे म्हणाले, "आता वरच्यांनी बी आमच्याच टाकीचं पाणी न्या की! लागंल तेवढं!"

केतकीचा घास हातातच राहिला. वरची वाडी खालचं पाणी प्यायला लागली तर ताडून पाहायला उरणार काय? ती काही बोलणार, तेवढ्यात सरूआजींनी ताट बाजूला सारलं.

"तुमचं पाणी? आमी? त्याला चव हाय का? खालच्या झऱ्याच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई!"

"वरच्याचं पिऊन घसा धरतो!"

"म्हणून तर तुमाला यंत्र लागतंय!"

वाद डाळीवरून जावयांपर्यंत गेला. केतकी माझ्या कानात पुटपुटली, "ताई, हे भांडण वर्षभर टिकायला हवं." मी म्हटलं, "हे आपल्यानंतरही टिकेल." तिने समाधानाने चौथा भात घेतला.

दुपारी कासव टाकीवर बसलं. पहिला थेंब पडला तेव्हा वरच्या वाडीतलीही बरीच मंडळी सहज म्हणून खाली आली होती. निघताना सरूआजींनी वरच्या झऱ्याच्या पाण्याने भरलेली एक बाटली माझ्या हातात दिली. "ही तपासायची न्हाई. तुमच्या सायबाला पियाला. चव कळू दे."

परतीला पाबे घाटातून उतरून पानशेत रस्त्याला लागलो. उन्हं कलत होती, शंकरराव वाटेत भेटेल त्याला सोडतीची गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक सांगण्यात तांब्या मोठा होत होता. सीटबेल्ट रिकामा होता. मी विचार करत होते, की आम्ही निष्पक्षपणा बंद पाकिटात घालून घेऊन गेलो, त्यांनी तो तांब्यात घालून सर्वांपुढे मांडला. नशिबाने आपल्या विरुद्ध दान टाकलं तर माणसं ते सोसतात. मात्र दान पडताना ती तिथे हजर असावी लागतात.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर बाटली ठेवली आणि निरोप सांगितला. सरांनी उभी हयात पाण्यातले जंतू मोजण्यात घालवलीय. त्यांनी बाटली उजेडात धरली, केतकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उकळली तर आजींना राग येईल का?"

"आजींना कोण सांगतंय?" मी म्हटलं.

पाणी चांगलं खळखळून उकळलं, मग चहा टाकला. सगळा विभाग कप घेऊन उभा. सरांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि आणखी एक घोट घेतला.

"खालच्या वाडीला कळवू नका," ते हळूच म्हणाले, "पण चव आहे."