घंटा ऐकू यावी म्हणून

"आज घांट बरी वाजाक नाय. माझाच चुकला." उपासनेला माणसं कमी आली की हात पाठीमागे बांधून ते दारात उभे राहत आणि असं म्हणत. मुलांनो, सुट्टीत तुम्हाला घंटेच्या दोरीला लोंबकळू देणारे घंटाआजोबा, तेच हे.

कट्टा गावाजवळचं आपलं चिऱ्याचं छोटं चर्च. माझ्या लग्नात तिथली बाकं पुरली नव्हती. पुढे मुलं शिकली, मुंबईला गेली. तुमचे बाबा तर आणखी लांब. मागची बाकं रिकामी पडली, तरी शनिवारी ते सगळी पुसायचे. "कोण कधी येतलो, सांगाक येता काय?"

मी चिडवायची, "घंटा वाजवता की आम्हाला दम देता?"

"दम दिल्याशिवाय तुमी येतास खंय, बाईनू?"

शेवटी आम्ही उरलेल्यांनी ठरवलं, रविवारी गाडी करून कणकवलीच्या चर्चला जायचं. तिथे पाळक आहेत, गाणारी तरुण मंडळी आहेत. सगळं फोनवर ठरलं. घंटाआजोबांकडे फोन नव्हता. कोणीतरी सांगेल, असं प्रत्येकाला वाटलं. खरं तर ऐकल्यावरचा त्यांचा चेहरा कोणालाच पाहायचा नव्हता. गाडीत एक जागा रिकामी होती.

पहिल्याच रविवारी, आम्ही परतल्यावर, दुपारी ते आमच्या पडवीत आले. "बाईनू, घांट आयकाक येवक नाय काय? कोणच येवक नाय. वारो उलटो आसतलो."

मी अजून बाहेरची साडीही बदलली नव्हती. म्हटलं, "हो, वारा होता."

"तरीच!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचे घाव ऐकू आले. चर्च आणि आमचं घर यांच्यामधल्या फणसावर शिडी लावून, त्या वयात, ते फांद्या उतरवत होते.

"अहो, उतरा खाली!"

"आता बरी आयकाक येतली," ते वरून म्हणाले.

पुढच्या रविवारी घंटा खणखणीत ऐकू आली. गाडी फाटकाशी उभी होती. मी गाडीत बसले.

त्यांना खरं कधी कळलं, ठाऊक नाही. मला त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मागच्या पावसाळ्यात ते गेले.

पडवीतली माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून का, असं परवा तुम्ही व्हिडिओवर विचारलंत. फांद्या गेल्यापासून तिथून घंटा थेट समोर दिसते.