भोकरच्या आंब्याचं वय

लातूरहून निघालेल्या एसटीत माझ्या शेजारची सीट नांदेडपर्यंत रिकामीच राहिली. एरवी भोकरला जाताना तिथे सुमन, माझी पत्नी, बसायची आणि अहमदपूरपासूनच माहेरच्या गप्पा सुरू करायची. ती जाऊन दीड वर्ष झालं. तिनं माहेरच्या शेंदऱ्या आंब्याची कोय आमच्या अंगणात लावली, त्याला नऊ वर्षं झाली. झाड छपराच्या वर गेलं, पण मोहोर नाही. "पुढल्या साली," ती दर माघात म्हणायची. निदान त्या आंब्याचं कलम तरी घरी बांधावं, म्हणून मी निघालो होतो.

नांदेडला सुमनच्या मैत्रिणीकडे चहाला थांबलो. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी सरळ विचारलं, "आमचं झाड फुलत का नाही?"

"भाऊजी, ते अजून लहान आहे. झाडात फुलायला लावणारं जनुक असतं, तसं त्याला दाबून ठेवणारंही असतं. वय वाढलं की दाब सैल होतो. मग थंडी पडली की पानांतून शेंड्याला संदेश जातो आणि मोहोर येतो."

"आणि कलमाची काडी?"

"ती जुन्या झाडाचं वय घेऊनच येते. दोन-तीन वर्षांत फुलेल. मात्र बांधायची तर तुमच्या झाडाचा शेंडा छाटावा लागेल."

"नाही बांधली, तर आमचं झाड कधी फुलेल?"

"त्याला आकडा नाही, भाऊजी. आणि फळ शेंदऱ्यासारखंच निघेल, असंही नाही."

हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे उत्तर जड गेलं.

भोकरला मेव्हणा बांधावरच भेटला. "दाजी, काडीसाठी यवढ्या लांब आलाव? लातुरात आंबे न्हाईत का?"

"असला नाही."

"हाव, असला न्हाई," म्हणत तो झाडावर चढला आणि वरच्या, फळं देणाऱ्या फांद्यांच्या काड्या काढून दिल्या.

मेव्हण्याच्या घरी जेवायला भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. सुमनच्या आवडीची म्हणून वहिनींनी ती मला पुन्हा वाढली. निघताना त्यांनी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वर खण ठेवला, मूठभर तांदूळ घातले. इथं लेकीला रोप देताना ओटी भरतात. वहिनी म्हणाल्या, "ताईचं हाय. रिकामं कसं देऊ?" मी दोन्ही हातांनी गठुडं घेतलं.

परतीच्या एसटीत समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाय वो, तान्हं लेकरू धरल्यावाणी धरलाव?"

"आंबा आहे."

"मंग झोपवा की मांडीवर!" सगळे हसले. मीही हसलो, आणि गठुडं खरंच मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी माळी आला. वर बघून म्हणाला, "समदा शेंडा उडवतो. लवकर धरंल."

ज्या झाडाला सुमननं हातानं पाणी घातलं, त्याच्यावर तो करवत धरून उभा होता. शेंदऱ्या हवा होता तिलाच, आणि झाडही तिचंच. नांदेडच्या बाईंचं बोलणं मी पुन्हा मनात ताडून पाहिलं. त्यातून उत्तर निघेना.

"एकच फांदी," मी म्हणालो. "पूर्वेची."

"आन् बाकीचं?"

"राहू द्या. त्याचं वय झालं की फुलेल."

त्या फांदीवर काड्या बांधून माळी गेल्यावर मी ओट्यावर बसलो. एका फांदीची वाट दोन-तीन वर्षं बघायची आहे. बाकीच्या झाडाची किती, ते ठाऊक नाही. घरात दुसरं कोणी नाही, तेव्हा पाणी मीच घालणार.