प्रॉम्प्टर सोनाजी आणि तीन अक्षरं

आमच्या नाटक मंडळीतल्या सोनाजीचा चेहरा कुणा प्रेक्षकानं पाहिला असेल, तर तो तंबूच्या मागून फुकट घुसलेलाच प्रेक्षक असणार. सोनाजी प्रॉम्प्टर होता. विंगेत खोक्यावर बसायचा, मांडीवर वही, पायाशी कंदील. नट अडला की पहिले दोन शब्द कुजबुजायचा, आणि पुढचं सगळं भाषण नटाच्या तोंडून धबाधबा बाहेर पडायचं. टाळ्या नटाला, सोनाजीला बिडी.

मी त्या मंडळीची नायिका. आज माझे गुडघे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण कनेरगाव नाक्याला माझ्या प्रवेशाच्या वेळी ट्रकवाले ढाब्यावरचं ताट सोडून धावत यायचे. तिथंच एकदा फजिती झाली. नवरा मेल्याची बातमी ऐकून मी मोठा विराम घेतला. असा विराम, की शेंगा फोडणारेही थांबले. सोनाजीला वाटलं, बाई अडल्या. त्यानं वाक्य पुरवलं. मी गप्प. त्यानं पुन्हा पुरवलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर असा ओरडला की पुढच्या रांगेतली एक म्हातारी मला म्हणाली, "अगं माय, तो बिचारा कवाचा सांगून राहिला, बोल की एकदाचं!"

सगळा तंबू खदखदला. माझा मेलेला नवरा विंगेत पोट धरून हसत होता.

त्या दिवशी आमच्यात एक खूण ठरली. मी मुद्दाम थांबले असेन तर डाव्या हातातली पितळी बांगडी फिरवायची. बांगडी फिरली की सोनाजीनं तोंड मिटायचं. पुढं कधी चूक झाली नाही.

एक्क्याण्णव साली मंडळी बंद पडली. मी वसमतला भावाकडे आले. सोनाजीही तिथंच तहसीलसमोर लिंबाखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करू लागला. मग जिकडंतिकडं संगणक आले आणि लिंबाखाली नुसती सावली उरली.

दोन हजार सात साली रतनसिंगच्या डीटीपीच्या दुकानातली पल्लवी नोकरी लागून नांदेडला निघाली. तिच्या खुर्चीसाठी सोनाजी स्वतः विचारायला गेला. मला म्हणाला, "मिराबाई, जलमभर पडद्यामागं बसलो. आता येकदा समोर बसावं म्हन्तो. काचेच्या दारातून लोक बघतेत तिथं."

टाइपिंगची अडचण नव्हती. मराठीच्या कळा टाइपरायटरच्याच जागी होत्या आणि बोटांना त्या पाठ होत्या. घात केला माउसनं. सोनाजीच्या उजव्या हाताला कंप. कळ ठोकायची तर बोट बरोबर पडे, पण माउस धरला की पडद्यावरचा बाण दिव्यावरच्या किड्यासारखा भिरभिरायचा. जायचं एका चित्रावर, उघडायचं भलतंच.

रतनसिंग माणूस चांगला, पण दुकानदार. "देखो सोनाजीभाऊ," तो म्हणाला, "शनिवारपर्यंत बघतो. जमलं तर खुर्ची तुमची. नाही तर माझा भाचा बसंल."

पल्लवीनं त्यावर तोड काढली. तिनं एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला. दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उगवायची. तिच्यात नावाची पहिली तीन अक्षरं टाकून एंटर मारलं की हवा तो प्रोग्रॅम, हवी ती फाइल हजर. माउसला हात लावायचं कारणच नाही.

सोनाजी पट्टीकडं बघतच राहिला. "म्हंजी सुरुवात मी सांगायची अन् पुढचं समदं ह्यानं बोलायचं?"

"व्हय काका."

"अगं लेकरा, मंग हा तर माझाच धंदा हाय!"

पल्लवीनं पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं लिहून दिली. अर्जाची तीन, लग्नपत्रिकेची तीन, हँडबिलाची तीन. माउस टेबलाच्या खणात गेला.

पण जुनी सवय कुठं जाते? संगणक होता म्हातारा. अक्षरं टाकून एंटर मारलं की चार-पाच श्वास घ्यायचा, मग हलायचा. सोनाजीला तेवढी शांतता सोसेना. नट गप्प, म्हणजे नट अडला! शुक्रवारी त्यानं लग्नपत्रिकेची तीन अक्षरं पाच वेळा टाकली, दरवेळी जास्त जोरानं. पाच पत्रिका एकदम उघडू लागल्या आणि संगणक जागच्या जागी गोठला. बंद करून चालू करायला वीस मिनिटं गेली.

"काका, येकदाच!" पल्लवी कपाळाला हात लावून म्हणाली.

"आवाज पोचला न्हाई वाटलं, पोरी."

शनिवार उजाडला. मी दुकानातल्या बाकावर जाऊन बसले. निमित्त चहाचं. साडेतीनला शिरड शहापूरचा जळबा धापा टाकत आला. उद्या गावात कबड्डीचे सामने, हँडबिल आत्ताच्या आत्ता पाहिजे. आणि चारला लाइट जाणार, ती थेट रात्री येणार.

"बसा सोनाजीभाऊ," रतनसिंग म्हणाला आणि घड्याळाखाली उभा राहिला.

सोनाजीनं मजकूर वाचला, दोन कळा दाबल्या. पट्टी उगवली. ओठांतल्या ओठांत पुटपुटत तीन अक्षरं टाकली, एंटर मारलं. पडदा ढिम्म.

"अडलं काय हो?" जळबा मान पुढं काढून म्हणाला.

"भाच्याला बोलवू?" रतनसिंग म्हणाला.

सोनाजीची बोटं पुन्हा कळांकडं निघाली. आता परत अक्षरं टाकली की संगणक गोठणार, लाइट जाणार, खुर्ची जाणार. ओरडून सांगावं तर मीच प्रॉम्प्टर व्हायची, तेही गिऱ्हाइकासमोर. मी बाकावरून उठले, त्याच्या नजरेसमोर आले, आणि डावा हात उंच करून बांगडी फिरवली. सावकाश, कनेरगावच्या थाटात.

सोनाजीनं पाहिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. तोंड मिटलं.

एक श्वास. दोन. जळबा चुळबुळला. चार. आणि हँडबिल पडद्यावर उघडलं!

मग त्याची बोटं अशी धावली की रतनसिंग घड्याळ बघायचं विसरला. चारला तीन मिनिटं कमी असताना प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. जळबा तो घेऊन पळाला आणि पाठोपाठ लाइट गेली. बंद पडलेल्या पंख्याखाली मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच, पण थिएटरभर.

"सोमवारी नऊला या," रतनसिंग म्हणाला. "अन् बाई, तुमच्या हाताला काय झालं होतं?"

"संधिवात," मी म्हणाले.

सोमवारी मी ती बांगडी सोनाजीला देऊन टाकली. त्यानं ती संगणकाच्या डोक्यावर दोऱ्यानं टांगली. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काहून लटकवलं?"

"मशीन इचार करून राहिली," सोनाजी म्हणायचा. "तवर तुमीबी गप बसा."